मोजणीची सामायिक भाषा : परळच्या नोंदवहीपासून प्रादेशिक आरोग्यविदेपर्यंत

एखाद्या शहरात एका वर्षात किती माणसांना कर्करोग झाला, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ मोजणीचा वाटतो. परंतु तो सोडवायला बसले की मोजणीच्या आधीच तीन-चार गोष्टींचा निवाडा करावा लागतो, आणि त्यांवर जाणत्या माणसांचेही एकमत होतेच असे नाही. शहरातला माणूस कोणाला म्हणायचे, रोग झाला हे कोणत्या पुराव्यावरून मानायचे, तो कोणत्या दिवशी झाला असे लिहायचे, आणि तीन रुग्णालयांत सापडलेल्या तीन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे कशावरून ओळखायचे, या प्रश्नांची उत्तरे आधी ठरलेली नसतील तर हाती येणारा आकडा कितीही मोठा असला तरी त्यावर विसंबता येत नाही. निरनिराळ्या संस्थांनी, शहरांनी आणि जिल्ह्यांनी ही उत्तरे एकत्र बसून ठरवणे, ठरल्याप्रमाणे वर्षानुवर्षे नोंदी ठेवणे, आणि कोणा एकट्याला न सुटणारे प्रश्न त्या नोंदींच्या आधारे मिळून सोडवणे, या उद्योगाला आज प्रमाणित आरोग्यविदाविज्ञान असे भारदस्त नाव मिळाले आहे. विदा म्हणजे रोजच्या बोलण्यातला डेटा. आरोग्यविदा म्हणजे केसपेपर, तपासणीचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या आणि मृत्यूचे दाखले यांतून गोळा होणारी माहिती. आणि प्रमाणीकरण म्हणजे ही माहिती कोणीही, कुठेही लिहिली तरी वाचणाऱ्याला तिचा एकच अर्थ लागावा अशी केलेली व्यवस्था.

नाव नवे असले तरी हे काम मुंबईला नवे नाही. लालबागकडून दादरच्या दिशेने चालत निघालेल्या माणसाला अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात हाफकिन संस्था, १९२६ मध्ये सुरू झालेले केईएम रुग्णालय, त्याच परिसरातील वाडिया रुग्णालये आणि १९४१ मध्ये उघडलेले टाटा स्मारक रुग्णालय लागते, आणि परळच्या या एवढ्याशा टापूत गेली सव्वाशे वर्षे रोगांच्या नोंदी कशा ठेवाव्यात याचा विचार या ना त्या निमित्ताने चालू राहिला आहे. त्या अनुभवातून पुन्हा पुन्हा पुढे येणारी गोष्ट अशी, की संस्थांचे सहकार्य माहितीचा एकत्र ढीग केल्याने उभे राहत नाही, ते शब्दांच्या अर्थावर झालेल्या करारातून उभे राहते. आणि तो करार टिकतो की मोडतो, हे बहुतेक वेळा नोंदवही भरणाऱ्या माणसाच्या हातात असते. पुढील विवेचनाचा सगळा भर या एका मुद्द्यावर आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले, तेव्हा मुंबईला मृत्यू मोजण्याची सवय होती, परंतु मृत्यूच्या कारणाला एकाच नावाने हाक मारण्याची सवय नव्हती. घरातला रुग्ण उचलून नेतील, घर रिकामे करवतील, सामानसुमान जाळतील या धास्तीने प्लेगचे मृत्यू ताप, क्षय, फुप्फुसाचा दाह अशा नावांखाली नोंदवले गेले, आणि साथीची खरी व्याप्ती समजण्यासाठी अधिकाऱ्यांना प्लेगचा रकाना बाजूला ठेवून, एरवीच्या वर्षांपेक्षा एकूण मृत्यू किती वाढले याचा हिशेब मांडावा लागला. कारणांचे रकाने खोटे बोलत असताना एकूण बेरीज मात्र खरे सांगत होती. ही रीत आजही रोगपरिस्थितिशास्त्रात, म्हणजे रोगांच्या प्रसाराचा समाजाच्या पातळीवर अभ्यास करणाऱ्या शास्त्रात, वापरली जाते आणि तिला अतिरिक्त मृत्यूंची मोजणी म्हणतात. सव्वाशे वर्षांनी करोनाच्या साथीत प्रयोगशाळांच्या याद्या, रुग्णालयांचे अहवाल आणि पालिकेची दप्तरे यांची जुळवाजुळव झाली, तेव्हा जून २०२० मध्ये मुंबईतले आधी मोजणीत न आलेले ८६२ मृत्यू करोनाच्या आकड्यात धरावे लागले. साथ निराळी आणि यंत्रे निराळी. अडचण मात्र ओळखीची होती, कारण एकाच घटनेच्या तीन ठिकाणी तीन नोंदी होत्या आणि त्या एकमेकींना ओळखत नव्हत्या.

प्लेगच्याच काळातली आणखी एक घटना येथे सांगण्याजोगी आहे, जरी ती मुंबईत घडलेली नाही. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा पडताळा घेताना टोचलेले आणि न टोचलेले यांची शेजारी शेजारी मोजणी केली, आणि १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ माणसे धनुर्वाताने दगावली आणि ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांची निर्दोषता पटायला काही वर्षे जावी लागली. परंतु मुळात चौकशी शक्य झाली ती दगावलेल्या सगळ्यांना ५३-एन या एकाच बाटलीतली लस दिली गेली होती, हे नोंदीवरून दाखवता आल्यामुळे. त्याच वेळी तयार झालेल्या इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नव्हते, म्हणून संशय बाटली भरली त्या जागेकडून ती उघडली त्या जागेकडे वळला. बाटलीवर घातलेल्या एका क्रमांकात एका शास्त्रज्ञाची अब्रू वाचवण्याचे सामर्थ्य होते, हे लक्षात घेतले की संकेतांकांच्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या चर्चेकडे वेगळ्या नजरेने पाहता येते.

प्रस्तुत विषयाचा खरा गाभा मात्र १९६३ मध्ये सुरू झालेली मुंबईची कर्करोग नोंदणी हा आहे. डॉ. दाराब जस्सावाला आणि नवल टाटा यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीने ती सुरू केली, आणि भारतातील ती पहिली लोकसंख्याधारित नोंदणी होती. रुग्णालयाधारित नोंदणी म्हणजे एका रुग्णालयात आलेल्या रुग्णांची यादी. तिच्यावरून त्या रुग्णालयाचे काम कळते, परंतु शहरात रोग किती आहे हे कळत नाही, कारण नामवंत रुग्णालयात लांबून लांबून माणसे येतात आणि शेजारच्या गल्लीतला रुग्ण भलत्याच ठिकाणी जातो. लोकसंख्याधारित नोंदणीत आधी भूभागाची सीमा ठरवली जाते आणि त्या सीमेत राहणाऱ्या प्रत्येकाला झालेला प्रत्येक नवा कर्करोग, त्याने उपचार कुठेही घेतलेले असोत, एकदा आणि एकदाच मोजला जातो. नोंदणी सुरू झाली तेव्हा रुग्णाची माहिती कळवण्याचे बंधन रुग्णालयांवर नव्हते, त्यामुळे माहिती दारी येण्याची वाट न पाहता नोंदणीचे कर्मचारी सरकारी आणि खाजगी रुग्णालये, शुश्रूषागृहे, प्रयोगशाळा आणि पालिकेचा मृत्युनोंदणी विभाग यांच्याकडे स्वतः फेऱ्या घालत आणि दप्तरे उघडून माहिती उतरवून घेत. या पद्धतीला सक्रिय नोंदणी म्हणतात, आणि या विशेषणामागे दमट रेकॉर्ड रूममध्ये उभ्याने घालवलेले किती तास आहेत, ते छापील अहवालात दिसत नाही.

या कामाचा एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. समोर एक केसपेपर आहे. त्यावर स्त्रीचे नाव, वय ‘अंदाजे ५०’, पत्ता, आणि डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात गालाच्या आत गाठ असल्याचे निदान. नोंद करणाऱ्याने आधी पाहायचे ते हे, की निदानाला सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचा आधार आहे की नाही. असेल तर तसे लिहायचे, नसेल तर कशाचा आधार आहे ते लिहायचे, कारण नुसत्या मृत्यूच्या दाखल्यावरून धरलेल्या नोंदी किती आणि पेशींच्या तपासणीने पक्क्या झालेल्या किती, यावरूनच पुढे त्या नोंदणीचा दर्जा जोखला जातो. मग रोग मूळ कुठे सुरू झाला त्या जागेचा संकेतांक : गालाच्या आतल्या अस्तराला सी ०६.०, जिभेला सी ०२, स्तनाला सी ५०, गर्भाशयमुखाला सी ५३. त्यानंतर पेशीरचनेचा चार आकडी संकेतांक आणि तिरप्या रेघेपुढे एक आकडा. ८०७०/३ असे लिहिले म्हणजे शल्कपेशींचा पसरू शकणारा कर्करोग आणि ८०७०/२ असे लिहिले म्हणजे तोच रोग, पण उगमाच्या थरातच थांबलेला. शेवटच्या त्या एका आकड्यात रुग्णाच्या पुढल्या आयुष्याचा बराचसा अंदाज सामावलेला असतो. कर्करोगासाठीच्या या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची पहिली आवृत्ती १९७६ मध्ये निघाली आणि पुढे ती बदलत गेली, म्हणजे जुन्या नोंदी नव्या संकेतांकांत बसवण्याचे कामही नोंदणीच्या मागे कायमचे लागले.

याहून अवघड काम नावांचे. माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर, कुठे शांता, कुठे शांताबाई, इंग्रजी स्पेलिंगच्या तीन तऱ्हा, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे, जन्मतारखेच्या जागी पाचाने किंवा दहाने भाग जाणारे ठोकळ वय. दादरच्या प्रयोगशाळेत गाठीचा तुकडा तपासला, परळला शस्त्रक्रिया झाली, पैसे आणि जाण्यायेण्याची सोय पाहून औषधोपचार गिरगावात घेतले, तर एका बाईच्या तीन बाया होतात. आणि उलट, त्याच आडनावाच्या जावा-जावांची नोंद चुकून एक झाली तर एक रुग्ण मोजणीतून नाहीशी होते. संगणक या जुळवणीला मोठी मदत करतो, संशयास्पद जोड्या काढून समोर ठेवतो. परंतु त्या दोघी एकच आहेत की नाहीत याचा निर्णय पुष्कळदा अजूनही पत्ता, वय आणि निदान शेजारी ठेवून पाहणाऱ्या अनुभवी माणसालाच घ्यावा लागतो.

पत्त्याची गोष्ट तर खास परळ भागातली आहे. नोंदणीचा नियम असा, की किमान एक वर्ष त्या भूभागात राहिलेल्यालाच तेथील रहिवासी धरायचे. परंतु टाटा रुग्णालयात उपचारासाठी देशभरातून आलेली माणसे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात महिनोन्‌महिने राहतात, काही लालबाग-काळाचौकीच्या चाळीत गाववाल्यांकडे उतरतात, आणि विचारले असता तोच पत्ता सांगतात, कारण पत्र तिथेच येणार असते. हे पत्ते जसेच्या तसे धरले तर परळ हे जगातले सर्वांत रोगट ठिकाण ठरेल. याच्या बरोबर उलटी गोष्ट गिरणगावाची. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगलीहून आलेल्या गिरणी कामगारांच्या दोन-तीन पिढ्या येथे राबल्या, तरी गावचे घर सुटले नाही. दुखणे हाताबाहेर गेले की माणूस गावी नेला जातो आणि त्याचा मृत्यू शंभर-दोनशे मैलांवरच्या ग्रामपंचायतीत नोंदला जातो. मुंबईच्या नोंदवहीत तो माणूस अजून जिवंत असतो. निदानानंतर पाच वर्षे किती रुग्ण जगतात हा कर्करोगाच्या अभ्यासातला सर्वांत महत्त्वाचा आकडा. आणि गावाच्या नोंदीशी सांधा जुळल्याखेरीज मुंबईचा तो आकडा वास्तवापेक्षा बरा दिसण्याचा धोका राहतो. प्रादेशिक सहकार्याची गरज येथे धोरणाच्या पुस्तकातून येत नाही. ती चाळीतल्या माणसाला दोन घरे असतात या साध्या वस्तुस्थितीतून येते.

इतक्या कष्टाने काढलेला आकडा दुसऱ्या गावाच्या आकड्याशेजारी ठेवायचा तर आणखी एक पायरी चढावी लागते. कर्करोग प्रायः उतारवयाचा रोग आहे. म्हणून तरुणांची गर्दी असलेल्या मुंबईचा ढोबळ दर आणि वृद्धांची संख्या मोठी असलेल्या युरोपीय शहराचा ढोबळ दर यांची तुलना करणे म्हणजे शाळेतल्या आजाऱ्यांची वृद्धाश्रमातल्या आजाऱ्यांशी तुलना करण्यासारखे होते. यासाठी वयोगटांचे ठरावीक प्रमाण असलेली एक काल्पनिक जागतिक लोकसंख्या आधाराला घेऊन प्रत्येक ठिकाणचा दर तिच्यावर बसवून पाहतात, आणि येणाऱ्या आकड्याला वयप्रमाणित दर म्हणतात. जगभरच्या नोंदण्यांचे असे दर एकत्र छापणाऱ्या पाच खंडांतील कर्करोगविषयक ग्रंथमालेच्या १९७० च्या दुसऱ्या खंडात मुंबईचा समावेश झाला. परळ-भोईवाड्यात भरलेली नोंद डेन्मार्कच्या नोंदीशेजारी त्याच मापाने उभी राहिली. या नोंदणीमुळेच पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा जास्त असल्याचे दिसले, आणि पुढच्या दशकांत मुंबईत गर्भाशयमुखाचा कर्करोग घटत व स्तनाचा वाढत गेल्याचे आकड्यांत सिद्ध करता आले. एका वर्षाची मोजणी असे काही सांगू शकत नाही; तीच व्याख्या, तीच सीमा आणि तीच शिस्त तीस-चाळीस वर्षे धरून ठेवली तर काळच बोलू लागतो.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला आणि १९८२ पासून मुंबई, बंगळुरू आणि मद्रास येथील लोकसंख्याधारित नोंदण्या एकाच पद्धतीने चालू लागल्या. त्या कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात अशा २८ नोंदण्यांचे आकडे आले. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड येथील नोंदण्या होत्या. यांपैकी बार्शीपाशी थांबणे आवश्यक आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील परांडा व भूम या तालुक्यांसाठी १९८७ मध्ये सुरू झालेली ही देशातली पहिली ग्रामीण नोंदणी, आणि तिच्या उभारणीत डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. भगवान नेने यांचा मोठा वाटा होता. मुंबईची पद्धत तिथे लागू पडणे शक्य नव्हते, कारण फेऱ्या घालायला तेवढी रुग्णालयेच नव्हती. ज्या बाईला अंगावरून जाते ती कोणाला सांगत नाही, डॉक्टरकडे जात नाही, आणि निदानच नसेल तर नोंद कशाची करणार? म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले, बैठका घेऊन लक्षणे समजावून सांगितली, ज्यांना त्रास होता त्यांना तपासणीपर्यंत आणले, आणि मग निदान झाल्यावर नोंद केली. परिणाम असा झाला की मोजणीसाठी केलेल्या या खटाटोपामुळे गर्भाशयमुखाचे कर्करोग पूर्वीपेक्षा आधीच्या टप्प्यात उघडकीला येऊ लागले. पद्धत बदलली, परंतु काय मोजायचे याची व्याख्या मुंबईचीच राहिली, म्हणून दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवता आले. प्रमाणीकरण म्हणजे सर्वांनी एकसारखेच वागणे, हा समज किती चुकीचा आहे ते बार्शीइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही.

या पायावर पुढे जे उभे राहिले ते साधे नव्हते. १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात परळचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ५२ ग्रामसमूहांतील १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. ग्रामसमूहांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तीन निरनिराळ्या तपासण्यांची तुलना केली, आणि एचपीव्ही या विषाणूच्या एकदाच केलेल्या तपासणीने प्रगत रोग व मृत्यू लक्षणीय कमी होतात हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. इतक्या गावांतल्या इतक्या स्त्रियांपैकी कोणाला पुढे रोग झाला आणि कोण दगावले, हे आठ वर्षे अचूक कळत राहिले ते त्या प्रदेशात कर्करोग नोंदणी आधीपासून रुजली होती म्हणून. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांना तपासणी न दिल्याबद्दल अशा अभ्यासांवर पुढे गंभीर नैतिक आक्षेप घेण्यात आले, आणि ते टाळून या यशाची गोष्ट सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नोंदवहीतली प्रत्येक ओळ म्हणजे एक माणूस आहे. तिच्या उपयोगाचे माप ठरवताना त्या माणसाला त्यातून काय मिळाले, हे विचारण्याचा हक्क समाजाला आहे.

ऑगस्ट २०१२ मध्ये अणुऊर्जा विभागाच्या आधाराने टाटा स्मारक केंद्रातून आकाराला आलेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याने या परंपरेला वेगळे वळण दिले. देशभरातील तीनशेहून अधिक रुग्णालये आणि संस्था त्यात सहभागी आहेत, आणि रुग्ण परळला येण्याऐवजी परळच्या तोडीचे उपचार त्याच्या गावाजवळ मिळावेत हा त्यामागचा हेतू आहे. या जाळ्याने काही रुग्णालयांची मिळून ४० कर्करोग औषधांची एकत्रित खरेदी केली आणि किमती मोठ्या प्रमाणात खाली आल्या, ही बातमी पुष्कळांच्या वाचनात आली असेल. परंतु ती खरेदी होण्यापूर्वी काय करावे लागले असेल याचा विचार क्वचित होतो. एका भांडारात औषध कंपनीच्या नावाने लिहिलेले, दुसऱ्यात मूळ द्रव्याच्या नावाने, एकाकडे मोजणी कुपीत, दुसऱ्याकडे मिलिग्रॅममध्ये, आणि ताकदीचा उल्लेख कुठे आहे तर कुठे नाही. अशा याद्यांची बेरीज होत नाही, आणि बेरीज न झालेल्या मागणीवर घासाघीस करता येत नाही. औषधाला एक नाव, एक ताकद, एक एकक हे आधी ठरले, आणि त्यानंतरच भाव उतरला. प्रमाणीकरणाचा फायदा संशोधकालाच होतो असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

येथून आजच्या आंतरराष्ट्रीय चळवळीकडे वळता येते. अमेरिकेत ओमॉप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पातून एक सामायिक विदाप्रतिरूप तयार झाले, आणि २०१४ पासून ओडिसी या उच्चाराने परिचित असलेल्या संशोधकांच्या खुल्या समूहाने ते जगभर वाढवले. सामायिक विदाप्रतिरूप म्हणजे सर्वांनी मान्य केलेला तक्त्यांचा साचा : माणसाचा एक तक्ता, त्याच्या रुग्णालयातील भेटींचा दुसरा, निदानांचा, औषधांचा आणि मोजमापांचा आणखी एकेक, प्रत्येक निदानाला आणि औषधाला ठरलेला संकल्पना क्रमांक, आणि त्याच्या शेजारी मूळ केसपेपरवर जे लिहिले होते तेही जसेच्या तसे जपून ठेवायचे. हे शेवटचे कलम फार मोलाचे आहे, कारण भाषांतर चुकले तर मूळ हाताशी राहते. साचा एकच असला की विदा कुठे हलवावी लागत नाही : प्रश्न संगणकीय आज्ञावलीच्या रूपाने प्रत्येक रुग्णालयाकडे जातो, तिथल्या तिथे चालतो, आणि बाहेर फक्त बेरजा येतात. केसपेपर घरातच राहतो. याच पद्धतीने नऊ विदासंचांतील ४९ लाख रुग्णांच्या नोंदींवरून उच्च रक्तदाबावरील पहिल्या औषधांची तुलना झाली आणि २०१९ मध्ये असे दिसून आले, की थायझाइड जातीची स्वस्त, जुनी औषधे त्यांच्यापेक्षा अधिक लिहून दिल्या जाणाऱ्या एसीई रोधक औषधांहून सरस ठरतात. त्या नऊ संचांत अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया आणि जर्मनी होते, भारत नव्हता. ज्या देशात रक्तदाबाचे इतके रुग्ण रोज सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभे राहतात, त्याला परक्यांच्या अनुभवावरून आपली औषधे ठरवावी लागावीत, ही खंत बाळगण्यासारखी गोष्ट आहे.

मात्र तयार साचा उचलून येथे बसवला की काम झाले असे समजणे घातक ठरेल. महाराष्ट्रातील हजारो बायका रोज सकाळी मिश्री लावतात, म्हणजे तंबाखू भाजून केलेली काळी पूड दातांना आणि हिरड्यांना घासतात, आणि त्यांतल्या बहुतेकींना ‘तंबाखू खाता का’ असे विचारले तर त्या मनापासून ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणे असते. जागतिक परिभाषेत धूरविरहित तंबाखू हा शब्द आहे. पण प्रश्न विचारणाऱ्याने मिश्री, तपकीर, मावा, गुटखा असे एकेक नाव घेऊन विचारले नाही, आणि साच्यात त्या प्रत्येकाला जागा नसली, तर तोंडाच्या कर्करोगाचे कारण शोधणारा अभ्यास या बायकांना तंबाखूपासून दूर असलेल्या गटात टाकील. ही उणीव भरून काढण्याची साधने हाताशी आहेत. वैद्यकीय संज्ञांचा स्नोमेड हा आंतरराष्ट्रीय कोश भारताने २०१४ मध्ये सदस्यत्व घेतल्यामुळे देशात विनामूल्य वापरता येतो, आणि पुण्याच्या सी-डॅकमधील राष्ट्रीय केंद्र भारतीय औषधांसाठी व आयुष पद्धतींसाठी त्याला पुरवण्या जोडते. पुण्यातल्या कोशकाराला मिश्रीचे महत्त्व परळच्या दंतवैद्याने आणि बार्शीच्या आरोग्यसेविकेने सांगितले पाहिजे. कोश असाच वाढतो.

खाजगीपणाचा प्रश्न थोडक्यात, पण ठामपणे मांडणे भाग आहे. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने प्रत्येकाला १४ आकडी आरोग्य क्रमांक देऊ केला आहे आणि व्यक्तिगत विदेच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. परंतु नाव पुसले म्हणजे ओळख पुसली असे होत नाही. भूमसारख्या तालुक्यातल्या एका लहान गावात विरळा कर्करोग झालेली चाळिशीची एकच बाई असेल, तर तिचे नाव न छापताही सगळ्या गावाला ती कोण ते कळेल. म्हणून अशा जाळ्यांत ठरावीक संख्येहून लहान बेरीज बाहेर पाठवली जात नाही. हा नियम नोंदणी करणाऱ्या आणि प्रश्न विचारणाऱ्या दोघांनीही सारखाच पाळायला हवा, आणि ज्या रुग्णांच्या नोंदींतून उत्तर निघाले त्यांच्या भाषेत ते उत्तर परत पोहोचायला हवे.

प्रादेशिक सहकार्याची सुरुवात कुठून करावी, असे विचारले असता महागड्या यंत्रणेपासून करावी असे सुचवण्याची रीत पडली आहे. येथे एक लहान, स्वस्त आणि आजच करता येण्याजोगी गोष्ट सुचवावीशी वाटते. मुंबईच्या केसपेपरवर सध्याच्या पत्त्याखाली गावच्या पत्त्याची एक ओळ असावी, आणि ती ‘मुक्काम पोस्ट अमुक’ अशी मोकळी न लिहिता जनगणनेने प्रत्येक खेड्याला दिलेल्या सहा आकडी क्रमांकासह लिहिली जावी. राज्यात एकाच नावाची कितीतरी गावे आहेत, पण क्रमांक प्रत्येकाचा वेगळा आहे. रत्नागिरीच्या किंवा साताऱ्याच्या मृत्युनोंदीतही तोच क्रमांक असला, तर परळला शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे त्याच्या मुलाला वर्षांनंतर फोन करून विचारण्याची वेळ कोणावर येणार नाही. नोंदणी खिडकीवर ही ओळ भरायला अर्धे मिनिट पुरेल. खिडकीमागच्या कारकुनाला ती का भरायची ते मात्र आधी कोणीतरी बसून समजावून सांगायला हवे.